बाजेच्या रुंदीचं खिंडार

हे मी सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. म्हणजे गोष्टीला हरकत नाही. ती तर दर वर्षी शाळेच्या वाढदिवसाला चर्चचे पाळकसाहेब स्वतः सांगतात. पण ते सांगतात ती अर्धी. उरलेली अर्धी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या येसूआजींना ठाऊक आहे. त्यांनी ती मला ज्वारी निवडताना सांगितली, आणि वर "कुणापुढं बोलू नगंस" असंही बजावलं. पण तुम्ही इतक्या लांबून आलात, आणि सगळं सोडून नेमकं त्या खिंडाराकडे बोट दाखवून विचारलंत.

खैरओहळच्या या शाळेला काळ्या दगडाची भिंत आहे, पुरुषभर उंच. तीन बाजूंनी ती अगदी ओळंब्यात आहे. चौथ्या, वाडीकडच्या बाजूला मात्र हे असं खिंडार. ते पडलेलं नाही. कडा पाहा, हात लागून लागून गुळगुळीत झाल्या आहेत. दोन माणसांनी पुढून-मागून धरलेली बाज इथून सरळ आत येते. तिच्या दोन्ही अंगांना फक्त एकेक वीत उरते. दर उन्हाळ्यात गवंडी सगळ्या भिंतीची डागडुजी करतात आणि एवढी जागा सोडून देतात. शेळ्या आत येतात, जास्वंदीचा पाला खातात. तीन वर्षांपूर्वी एका कंत्राटदारानं इथं बसवायला लोखंडी फाटक आणलं होतं. वाडीतल्या बायका म्हणे खिंडारात ओळीनं बसूनच राहिल्या. फाटक आल्या गाडीतून परत गेलं.

भिंत बांधली तेव्हा मात्र तिच्यात बोट शिरेल एवढी फट नव्हती, असं सांगतात.

ही शंभर वर्षांहून जुनी गोष्ट. मिशननं इथं शाळा काढली आणि शिकवायला राहेलबाई भिंगारदिवे यांना पाठवलं. बाई तिशीच्या, विधवा, अंगानं काटक. पायात कायम चपला आणि पदराला पिन. मुलं त्यांच्या आवाजाला भीत, पण त्यांनी शिकवलेला पाढा जन्मात विसरत नसत. मिशनचे नियम जिल्ह्याच्या गावाहून मडमसाहेबांच्या पत्रातून येत. घंटा झाली की फाटक बंद. दुपारी प्रत्येक मुलाला एक भाकर आणि वाटीभर डाळ, पण ती शाळेतच, बाईंच्या डोळ्यांसमोर बसून खायची. घरी न्यायची नाही. नेली तर थोरले खातात आणि पोर उपाशी राहतं, असं मडमसाहेबांचं म्हणणं. सलग आठ दिवस गैरहजर राहिलं त्याच्या नावावर तांबडी रेघ.

राहेलबाईंनी हे नियम देवाच्या आज्ञांसारखे पाळले. चार वर्षांत त्या मागच्या वाडीत एकदाही गेल्या नव्हत्या. कुणी बोलावलं तर म्हणत, "माझं काम पोरांपुरतं." खरं कारण निराळं होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. अशाच एका वाडीत, अशाच गळक्या छपराखाली त्या जन्मल्या होत्या. मिशनच्या बोर्डिंगात आल्या तेव्हा अंगावर एक फाटकं लुगडं होतं. पुन्हा तसल्या दारातून वाकून आत गेलं तर ते लुगडं परत अंगावर येईल, अशी काहीशी धास्ती त्यांना वाटे. भिंत मुलांसाठी होती, तशी त्यांच्यासाठीही होती.

मग मानमोडीचं वर्ष आलं. त्या तापाचं नाव अजून इथं कुणी मोठ्यानं घेत नाही. मान आणि पाठ मोडून यायची, माणूस सकाळी नांगराला आणि संध्याकाळी अंथरुणाला. त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला. वाडीत एकोणीस घरं. कुठल्या घरची चूल पेटली आणि कुठली नाही हे धुरावरून कळायचं. शाळेतून तेवढा धूर दिसायचा. पण धूर मोजणं शाळेचं काम नव्हतं.

शाळेत गजरा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. हुशार, आणि तोंडाची फटकळ. ती यायची बंद झाली. राहेलबाईंनी आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी रेघ ओढली. त्याच दिवशी, फाटक बंद झाल्यावर, ती मागच्या भिंतीपलीकडून ओरडली म्हणे, "बाई, मी आलीया! जराशी उशिरा आलीया!"

"घंटेला ये," बाई आतूनच म्हणाल्या.

"घंटेला पाणी भरती मी."

"मग पाणीच भर."

आतली मुलं हसली.

पण ती रोज येत राहिली. ती बाहेर कशावर तरी चढली की बाईंना कधी भिंतीवरून झिपऱ्यांचा शेंडा दिसे, कधी पाढे म्हणताना एक आवाज बाहेरून मिसळे. हट्टी पोर, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं की डाळीच्या वाट्या पुसून स्वच्छ होतात, पण भाकर खाताना कुणाचंच तोंड फार वेळ हलत नाही. त्यांनी पाळत ठेवली. मुलं भाकरीचे अर्धे तुकडे मांडीखाली दडवत आणि हात धुवायला म्हणून मागच्या भिंतीशी जात. तिथं तळाचा एक दगड कुणीतरी हलवून काढला होता. भोकातून एक काळा, बारीक हात आत येई आणि तुकडे घेऊन जाई.

आता येतं ते पाळकसाहेब सांगत नाहीत.

राहेलबाईंना राग आला. त्यांना वाटलं, शाळेत न येता शाळेची भाकर खायची युक्ती या पोरीनं काढली. आणि आज एक हात आलाय, उद्या अख्खी वाडी हात घालील. मडमसाहेबांना कळलं तर दुपारची भाकर सगळ्यांचीच बंद. त्या स्वतः माती तुडवायला लागल्या. चपला काढून, पदर खोचून त्यांनी चिखल केला, दगड जागेवर बसवला आणि वरून लिंपून हातानं सारखा केला. काम नीट करायची त्यांना सवय होती. येसूआजी म्हणतात, त्या भिंतीत एवढा पक्का दगड दुसरा नव्हता.

दोन दिवस गेले. झिपऱ्या दिसल्या नाहीत, बाहेरचा पाढाही ऐकू आला नाही. बाईंना वाटलं, शिस्त लागली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीपट उघडला. "सखाराम मारुती." उत्तर नाही. "सोनाई येडू." उत्तर नाही. बावीस मुलं समोर मांडी घालून बसलेली, बावीसही मुकी. बाईंनी पहिल्यापासून पुन्हा नावं घेतली. छडी टेबलावर आपटली. दुपारी दुरडी आली, तर एकाही मुलानं भाकरीला हात लावला नाही.

शेवटी सगळ्यात धाकटी सोनाई रडत रडत म्हणाली, "बाई, गजराची आजी मेली. आम्ही भाकर देत व्हतो ती तिचं घर खात व्हतं. ती न्हाई खायाची, ती पाणी प्यायाची."

"आणि आई?"

"आई पडलीया. आता गजराबी पडलीया."

राहेलबाईंनी हजेरीपट मिटला. त्यांना गजरा दिसत नव्हती. दिसत होतं ते लिंपलेलं भोक, आणि त्यावर उमटलेली आपलीच पाच बोटं. मग त्यांनी भाकरीची दुरडी डोक्यावर घेतली. शिकलेल्या बाईनं डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, असं त्यांनीच मुलींना शिकवलं होतं. फाटक उघडून, लांबचा वळसा घालून, चार वर्षांत पहिल्यांदा त्या वाडीत शिरल्या. मागे डाळीचं भांडं घेऊन बावीस मुलं.

गजराच्या दाराशी त्या थबकल्या. दार लहान होतं, वाकावं लागणार होतं. त्या वाकल्या.

आत धूर नव्हता, तापाचा वास होता. आई भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. गजरा गोधडीवर होती, डोळे लाल. तिच्या उशाशी मातीच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं होतं. बाईंनी जवळ जाऊन वाचलं. गजरा हजर. त्याखाली गजरा हजर. ओळीमागून ओळ, अक्षर सुवाच्य, बाईंनी शिकवलं होतं तसंच.

"हे काय गं?"

"हजेरी," गजरा म्हणाली. "तुम्ही रेघ मारलीया नव्हं. म्हून मीच मांडली. मी रोज आलते, भिंतीभाईर." मग थोडं थांबून म्हणाली, "परवापास्नं न्हाई आले, बाई. परवाचं न्हाई लिहिलं."

राहेलबाई खाली बसल्या. काय बोलल्या ते कुणी सांगत नाही. एवढंच सांगतात, की त्यांनी भाकर डाळीच्या पाण्यात कुस्करली आणि आधी आईला, मग गजराला बोटानं भरवली. पोरांना त्यांनी घराघरांत पाठवलं. बावीस भाकरी त्या दिवशी साऱ्या वाडीला पुरल्या आणि दुरडीत एक उरली, असा चमत्कार आमच्याकडे भजनातसुद्धा गातात. येसूआजींना विचारलं तर त्या म्हणतात, "चमत्कार कसला डोंबलाचा! बाई जेवल्या न्हाईत, त्यांची भाकर उरली."

आजाऱ्यांना अशा घरांत ठेवून भागणार नव्हतं. शाळा हवेशीर होती, उजेडाची होती. बाईंनी सांगितलं, बाजा शाळेत आणा. पण फाटक पार रस्त्याच्या बाजूला, वळसा अर्ध्या कोसाचा, आणि उचलायला धडधाकट माणसं चारच. तेव्हा त्यांनी पहार मागितली. आपण लिंपलेल्या दगडापासूनच सुरुवात केली. तो निघता निघेना म्हणे. तो निघाला तेव्हा त्यांच्या तळहाताची सालटी गेली होती. मग वरचे दगड, मग बाजूचे, एक बाज आडकाठी न होता जाईल इथवर. पहिली बाज गजराच्या आईची आली. गजरा चालत येते म्हणून हट्ट करत होती. तिला पाठुंगळी घेतली ती बाईंनी.

सतरा बाजा आल्या. वर्ग लिंबाखाली भरू लागला. मुलं पाढे म्हणत, आत कण्या शिजत, बाया आळीपाळीनं कपाळावर ओल्या घड्या ठेवत. सगळेच वाचले असं नाही. भिंतीपलीकडे ती तीन थडगी दिसतात, ती त्याच वर्षीची. गजराची आजी नाहीतरी जगली नसती, म्हातारी झाली होती, असं लोक म्हणत. राहेलबाईंनी तसं कधीच म्हटलं नाही.

मिशनला त्यांनी सगळं पत्रानं कळवलं, भोक बुजवल्याचंही. महिन्याभरानं मडमसाहेब बैलांच्या दमणीतून स्वतः आल्या. खिंडारापाशी गेल्या. म्हणाल्या, मिशननं शाळेला पैसे दिले आहेत, गावाला नाही. भिंत पुन्हा बांधून घ्या, नाहीतर आम्हाला शाळाच बंद करावी लागेल. वाडी सगळी गोळा झाली होती. शाळा गेली तर भाकर जाणार होती, पाटी जाणार होती, सगळंच जाणार होतं.

राहेलबाई म्हणाल्या, "बांधा मडमसाहेब. फक्त मला भिंतीच्या पलीकडे ठेवून बांधा."

मडमसाहेब आत गेल्या. एका बाजेवर गजराची आई उठून बसली होती आणि गजरा तिला पाटीवर तिचं नाव गिरवायला शिकवत होती. "आये, भा नीट काढ, कुबडा काढू नगंस," असं म्हणून तिच्या हातावर टपली मारत होती. मडमसाहेब ते बघत राहिल्या. जाताना त्यांनी गवंडी बोलावला नाही. पुढच्या महिन्यात औषधांची पेटी आली आणि एक नर्स आली.

तेव्हापासून शाळा त्या खिंडारातून बाहेर पडत गेली, असं येसूआजी म्हणतात. आधी कण्या आणि औषध, मग सुइणींना शिकवणं, मग आयांसाठी दुपारचा वर्ग. दुष्काळात वाटायला ज्वारीची पेवं भरली, त्यात वाडीनंही मूठमूठ घातली. गजरा मोठी होऊन इथंच शिकवायला लागली. तिची रेघ राहेलबाईंनी खोडली नाही. तो हजेरीपट काचेच्या कपाटात आहे, तांबड्या रेघेसकट. रेघेखाली बाईंच्या अक्षरात लिहिलंय, "ही माझी चूक."

आजही आमच्या शाळेत हजेरीला नुसतं "हजर" म्हणून चालत नाही. "हजर, घर बरं" असं म्हणायचं. आणि घर बरं नसलं तर "हजर, घरी या." का, कशाला, हे वर्गात कुणी विचारत नाही. संध्याकाळी एक बाई आणि दोन मोठ्या मुली खिंडारातून त्या घरी जातात. हे "घरी या" म्हणायला लाज वाटते. मलाही वाटली होती, सातवीत असताना, आईचं ऑपरेशन झालं होतं आणि घरी मी एकटीच करणारी होते तेव्हा. चार दिवस मी "घर बरं" म्हणत राहिले. पाचव्या दिवशी म्हटलं, इतकं हळू की मला वाटलं कुणाला ऐकूच गेलं नाही. पण संध्याकाळी बाई आल्या. दाराबाहेर चपला काढल्या, वाकून आत आल्या, आणि सगळ्यात आधी आईच्या उशाशी बसून त्यांनी—

"विनया! ए विनया! अगं, वर्गात हजेरी सुरू झालीये, तुझं नाव आलं!"

"आले, बाई!"