तळ्याच्या शेवटच्या पायरीवर

बँडमास्तरच्या छडीला मान होता त्या काळी, तळ्याकाठच्या एका गावात एक वृद्ध बँडमास्तर राहत असत. त्यांचा बँड वरातीपुढे कधी गेला नाही. शिंपी, पोस्टमन, कुंभार, शाळेचे कारकून असे गावचेच लोक त्यात होते आणि उन्हाळ्यात दर रविवारी, ऊन उतरले की, ते तळ्याकाठच्या मैदानात वाजवीत. तिकीट नव्हते. ज्याला यायचे त्याने यावे, जागा मिळेल तिथे बसावे. वाद्ये मंडळाच्या मालकीची. ती कोणी घरी न्यायची नाहीत, हा मास्तरांचा दंडक होता.

मास्तरांचा पट्टशिष्य दामोदर. क्लॅरिओनेट वाजवावी ती त्यानेच. त्याच्या बोटांत विद्या होती, आणि खरे सांगायचे तर ती आपल्या बोटांत आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. मास्तर आता थकले होते. हंगामाच्या शेवटच्या रविवारी छडी पुढच्या माणसाच्या हाती देईन, असे त्यांनी सांगून ठेवले होते. तो पुढचा माणूस कोण, हे गावाने परस्पर ठरवून टाकले होते, आणि दामोदरने तर गावाच्याही आधी.

सगळे असे सुरळीत असताना एकाच गोष्टीने त्याचे डोके उठे, ती म्हणजे येसबा तात्या. तात्या बँडमधला सर्वांत मोठा पितळी कर्णा वाजवीत; गाव त्याला नुसते भोंगा म्हणे. वयोमानाने त्यांना दम पुरेना. चार स्वर असत तिथे ते दोन वाजवीत आणि उरलेल्या दोनांच्या जागी श्वास घेत. शेजारी बसून ती धाप ऐकताना दामोदर मनातल्या मनात दात खाई.

एका रविवारी पहिल्या रांगेतले कापडाचे व्यापारी त्याला म्हणाले, "काय वाजवलंत हो! कान तृप्त झाले. पण तो म्हातारा मधेच काय हुंकार देतो? दुधात मिठाचा खडा!"

झाले. आगीत तेल पडले. दामोदर तडक मास्तरांपुढे उभा राहिला. "मास्तर, तात्यांना आता घरी बसवा. चारातले दोनच स्वर वाजवतात. एक तर ते राहतील, नाहीतर मी."

मास्तर छडी पुसत होते. ती पुसून, खुंटीला लावून ते म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या रविवारी तू वाजवू नकोस."

दामोदरच्या तोंडचे पाणी पळाले.

"तळ्याच्या पलीकडच्या अंगाला जा आणि तिथल्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर बस. आम्ही वाजवणं थांबवलं की ये. मग काय ते बोलू."

ही शिक्षा की निरोप, त्याला कळेना. छडी गेली असे मात्र त्याने मनाशी धरले. तरी गुरूची आज्ञा मोडणे त्याच्या रक्तात नव्हते. रविवार आला तसा तो मान खाली घालून तळ्याला वळसा घालून गेला आणि शेवटच्या पायरीवर बसला.

तिथे खुर्च्या नव्हत्या. दिवसाची कामे उरकून आलेल्या बाया होत्या, त्यांची पोरे होती, गार दगडावर पाय पसरलेले म्हातारे होते. बँड सुरू झाला. वारा तळ्यावरून मैदानाकडे वाहत होता, बँडचा आवाजही मागे ढकलीत होता. दामोदरने कान टवकारले. त्याच्यावाचूनही क्लॅरिओनेट दोन होत्या, पण एकही ऐकू येईना. मुरक्या, हरकती, ज्यांच्यासाठी तो आठवडाभर बोटे झिजवी, त्या पाण्यावरच विरून गेल्या. पायरीपर्यंत पोचत होता फक्त भोंगा. धों... आणि मग धों. तेवढ्यावर एक बाई मांडीवरचे मूल झुलवीत होती. पोरे त्याच ठेक्यात पायऱ्या उतरत नि चढत होती. मधल्या ज्या रिकाम्या जागांना दामोदर दोष देत आला होता, तिथे पोरे टाळ्या वाजवीत.

इतक्यात काठी टेकीत त्याची आई आली. तिला दूरचे नीट दिसत नसे. पण जवळ येऊन तिने मुलाला ओळखले आणि ती चकित झाली.

"आरं, तू हितं? मग तुझा बाजा वाजवतंय कोण?"

"माझा कोणता बाजा, आई?"

"ह्यो काय! धों, धों. तूच नव्हं का सांगितलंस, समद्यांत उठून ऐकू येतो तो माझा म्हणून? दर ऐतवारी मी हितं बसून ह्योच ऐकते."

दामोदरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. क्षणभर वाटले, गप्प राहावे. मग तो म्हणाला, "तो माझा नाही, आई. येसबा तात्यांचा."

"असं व्हय? मग त्यांना एकदा जेवायला बोलाव की. इतकी वर्सं तुझ्या नावानं त्यांचंच ऐकलं मी." मग तिने विचारले, "आन् तू काय वाजवतोस?"

"तो बारीक, उंच सूर येतो ना..."

म्हातारीने कानामागे हात धरला. मनापासून ऐकले. "न्हाई रं बाबा. काय येत न्हाई."

बँड थांबल्यावर दामोदर मास्तरांपुढे आला.

"दामू," ते म्हणाले, "तू उत्तम वाजवतोस, यात शंका नाही. पण बँडच्या आत बसून तू बँड ऐकत होतास. तिथे शेजाऱ्याची धाप आधी ऐकू येते. आपण तिकीट लावलं असतं, तर पहिल्या चार रांगांना संतुष्ट करून मोकळे झालो असतो. आपलं वादन विनामूल्य आहे. म्हणून तर शेवटच्या पायरीचाही त्यावर पहिल्या खुर्चीइतकाच हक्क आहे. ज्याच्या हाती छडी येईल, त्याला हे ऋण फेडावं लागेल. फेडशील?"

मंडळाच्या खोलीत एक जुना भोंगा धूळ खात पडला होता, तो दामोदरने दुसऱ्या दिवशी उतरवला आणि तिथेच तात्यांच्या पायाशी बसला. आधी नुसती हवाच निघाली. तात्या पोट धरून हसले, मग शिकवू लागले.

शेवटच्या रविवारी क्लॅरिओनेट दुसऱ्यांच्या हाती होत्या. दामोदर तात्यांशेजारी भोंगा घेऊन बसला होता. तात्या श्वास घेत, तेवढ्या जागा तो भरी. वादन संपले, मास्तरांनी छडी त्याच्या हातात ठेवली. टाळ्या झाल्या. त्याने पहिल्या रांगेला नमस्कार केला आणि मग तळ्यापलीकडे वळून पुन्हा एकदा, जरा जास्त वेळ, हात जोडले.

त्या संध्याकाळी तात्या जेवायला आले होते. आमरस वाढता वाढता आई म्हणाली, "तात्या, आज तुमचा बाजा दमला न्हाई. समदं भरून आलं बगा."

तात्यांनी हातातला घास खाली ठेवला. "दमलो की, वहिनी. नेहमीसारखाच दमलो. मधलं समदं तुमच्या पोरानं वाजवलं."

आई मुलाकडे वळली. "म्हंजे आज तू ऐकू आलास?"

"आलो, आई," दामोदर म्हणाला.