राजविवराचे शंभर परस

एका राज्यात तीन विवरे होती, आणि त्यांतले सर्वांत खोल कोणते हे मोजण्याआधीच ठरलेले होते. राजवाड्यामागचे राजविवर सर्वांत खोल. त्याची खोली शंभर परस. माणूस हात उंच करून उभा राहिला की होतो एक परस, असे शंभर. हा आकडा दरवर्षी दसऱ्याच्या दरबारात दोरवाल्यांच्या घरातल्या एका पुरुषाने मोठ्याने सांगायचा आणि सांगता सांगता दगड व्हायचे.

कारण राजाच्या खापरपणजोबाने भुयारनाथ नावाच्या जादूगाराचा मुकुट पळवला होता, आणि वर म्हणाला होता, "आमचे विवर जगात सर्वांत खोल. तू आमचे काय करणार?"

भुयारनाथ म्हणाला, "या दरबारात जो विवराची खोटी खोली बोलेल, तो पाषाण होईल. तिन्ही विवरांची खरी खोली बोलली जाईल, त्या दिवशी सगळे सुटतील."

शाप तसा सोपा होता. पण खरी खोली बोलणाऱ्याचे मुंडके उडवावे अशी राजाज्ञा निघाली. दगड झालेल्याला मात्र राजोद्यानात सावलीची जागा मिळे. म्हणून दोरवाले आपले दगड होत राहिले.

त्या घरात चंद्रावळ सून होऊन आली. तिसऱ्या दिवशी तिला राजोद्यानात नेऊन सासऱ्यांच्या पाया पडायला लावले. सासरे कारंज्याजवळ उभे होते, तोंड उघडे ठेवून. तिने डोक्यावर पदर घेतला, वाकून नमस्कार केला. उठताना शेजारी एक नवा चौथरा दिसला. रिकामा.

"आत्याबाई, हा कोणाचा?"

सासूने तोंड फिरवले. "हैबतीचा. यंदा त्याची पाळी."

हैबती म्हणजे चंद्रावळीचा नवरा. दसरा पाच दिवसांवर आला होता.

"पण राजविवर खरंच शंभर परस आहे का?"

"आहे म्हणतात."

"मोजलं कोणी?"

"अगं, आपण दोर वळतो, दोराची पूजा करतो. आकडा वाड्यावरून येतो."

चंद्रावळ घरी आली, देव्हाऱ्याजवळचा दोर उतरवला आणि त्याच्या टोकाला शिशाचा ओळंबा बांधला.

"बाईमाणसाने दोर ओलांडायचा नसतो हो!" सासू ओरडली.

"ओलांडत नाही, आत्याबाई. धरते."

हैबती म्हणाला, "आणि तुला काही झालं म्हणजे?"

"तुम्हांला होणार हे तर ठरलेलंच आहे. चला, दुसरं टोक धरा."

पहिले ते लांबविवर. लोक त्याला साठ परस म्हणत. आत टप्प्याटप्प्यांचा उतार होता आणि हैबती दोर उतारावर अंथरत चालला. छतावरच्या घरट्यातून एक पाकोळी बोलली, "दोरवाल्या, तू विवर मोजतोस की चाल?"

चंद्रावळ थांबली. तिने दोर गुंडाळला. मग प्रत्येक टप्प्याच्या कडेवरून ओळंबा सरळ खाली सोडला, टेकला तेवढा दोर आपल्या परसाने मोजला, पुढच्या टप्प्यावर गेली. तळाशी बेरीज झाली बावीस.

"साठाचे बावीस झाले," हैबती म्हणाला.

"झाले नाहीत. होतेच."

दुसरे राजविवर. त्याच्या तोंडावर सात मजली मनोरा होता आणि खोली वरच्या मजल्यापासून धरण्याची वहिवाट होती.

"दोर वरून सोडा," पहारेकरी म्हणाला.

"मनोरा कोणी खोदला?"

"खोदला नाही, बांधला."

"मग तो खोलीत कशाला धरायचा?" असे म्हणून तिने ओळंबा जमिनीपासून सोडला. एकतीस परसांवर तो टेकला. पहारेकऱ्याने आजूबाजूला पाहून घेतले आणि हळूच विचारले, "एकतीसच? नक्की?"

तिसरे गुराख्यांचे बीळ. तोंड इतके अरुंद की कोणा दोरवाल्याचे खांदे आत शिरत नसत, म्हणून ते दोन परस असे सांगून सगळे मोकळे झाले होते. चंद्रावळ बारीक. ती शिरली. हैबतीने वर दोर धरला. ती उतरत गेली, उतरत गेली, सत्तावन्न परसांवर काळे पाणी लागले. काठावर भुयारनाथ बसला होता.

"कोण?"

"दोरवाल्यांची सून."

"इथवर मोज. पाणी सोडून दे."

"तळ पाण्याखाली आहे, महाराज." तिने ओळंबा पाण्यात सोडला. नऊ परस.

भुयारनाथ म्हणाला, "दरबारात शंभरच बोलले जाऊ दे. तुझ्या नवऱ्याला शापातून वगळतो."

चंद्रावळीने विचारले, "आणि पुढच्या वर्षी माझ्या दिराला?"

तिने ओळंबा पाण्यातून ओढून घेतला.

"सहासष्ट," ती म्हणाली, आणि वर चढू लागली.

दसरा आला. दरबार भरला. शिखरदेव राजा भुयारनाथाचा तो पळवलेला मुकुट घालून बसला. प्रधान म्हणाला, "पुढे ये, दोरवाल्या. बोल."

हैबतीने तोंड उघडले, तोच चंद्रावळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "आकडा वाड्याचा आहे. तो वाड्यानेच बोलावा."

राजा हसला. "या सुनेला बोलायला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, महाराज. आकडा खरा असेल तर आपल्याला भीती कसली? आणि खोटा असेल, तर माझ्या नवऱ्याने का बोलावा?"

सगळा दरबार राजाकडे पाहू लागला. राजा उठला आणि गरजला, "राजविवर सर्वांत खोल! शंभर परस!"

त्याची पावले दगड झाली. मग गुडघे. मग कंबर.

"पोरी, खरं काय ते सांग! लवकर सांग!"

"खरं बोलणाऱ्याचं मुंडकं उडवतात, महाराज."

"ती आज्ञा रद्द! आत्ता रद्द!"

"प्रधानजी, लिहून घ्या," चंद्रावळ म्हणाली, आणि लेखणी थांबेपर्यंत उभी राहिली. तोवर दगड राजाच्या छातीपर्यंत आला होता.

मग ती बोलली. "लांबविवर बावीस. राजविवर एकतीस. गुराख्यांचं बीळ सहासष्ट, पाणी धरून. तेच सर्वांत खोल."

"कोणाच्या परसाने?" प्रधानाने विचारले.

"माझ्या. मी बुटकी आहे, दिसतंच आहे. पण तिन्ही विवरांत मीच होते, आणि तेवढीच होते."

ती दगड झाली नाही. राजाची छाती सुटली, कंबर सुटली. डोक्यावरचा मुकुट वितळला आणि फरशीच्या फटींतून जमिनीत उतरला. राजोद्यानातून खोकण्याचा आवाज आला. मग एकापाठोपाठ एक दोरवाले पाय झटकत दरबारात शिरले, आणि सासू सगळ्यांदेखत सासऱ्यांकडे धावत सुटली.

महिन्याभराने शिखरदेव उघड्या डोक्याने गुराख्यांच्या बिळाशी आला. बराच वेळ आत वाकून पाहत राहिला.

"चंद्रावळे, खोदून याचे शंभर करता येतील?"

"येतील की, महाराज. पहिली कुदळ आपण मारा."

राजा सरळ झाला, हात झटकले आणि वाड्याकडे निघाला. विवरे होती तेवढीच खोल राहिली, माणसे आपापल्या घरी नांदली, आणि इथे या कहाणीचा दोर तळाला टेकला.