मोठ्या पडद्याचं माप

यंत्रं आपसात बोलायची आणि माणसांना ते ऐकू यायचं नाही, तेव्हाची गोष्ट. येवल्यात शाल्मली नावाची मुलगी लिनक्सच्या छोट्या लॅपटॉपवर पैठणीच्या काठांची नक्षी काढायची. अख्खा काठ पडद्यावर मावेना, म्हणून तिनं मोठा मॉनिटर आणला आणि केबल जोडली.

लॅपटॉप दचकलाच. एवढा मोठा सोबती आल्यावर आपल्याला कोण विचारणार? घाईघाईनं त्यानं आपलंच चित्र, आपल्याच मापाचं, तिकडे पाठवून दिलं. मॉनिटरवर ताणले जाऊन नक्षीतले मोर बदकांसारखे दिसू लागले.

"हा तर खराब निघाला," शाल्मली म्हणाली. "आजच परत देते." आणि ती खोकं आणायला गेली.

मॉनिटरनं हळूच विचारलं, "दादा, खरं सांग, मी खराब आहे का रे?"

लॅपटॉपला खोटं बोलवेना. "नाही रे. मी तुझं माप विचारलंच नाही. वाटलं, तू आलास की मी कपाटात जाणार."

"वेडाच आहेस! तू चित्र पाठवलं नाहीस, तर मी नुसती काळी काच."

मग लॅपटॉपनं माप विचारलं, मॉनिटरनं सांगितलं. पडदा क्षणभर मिटला आणि उघडला, तेव्हा नक्षीचा अख्खा काठ त्यावर नीट पसरला होता.

खोकं घेऊन परतलेली शाल्मली दारातच थबकली. "अगंबाई, चौथ्या मोराचं तोंड उलट्या बाजूला!"

लॅपटॉपही बघतच राहिला. तो मोर महिनाभर त्याच्याच पोटात होता.