राणीनं विडा उचलला

दोन बलाढ्य राजांचं युद्ध जुंपलं आणि मधल्या चिमुकल्या सोनवळ राज्याची अडकित्त्यातली सुपारी झाली. एकाच दिवशी दोन्हीकडचे दूत राणी भागूबाईंच्या दरबारात हजर! दोघांनी आपापलं तबक पुढं सरकवलं. प्रत्येकात एकेक विडा.

"ज्याचा विडा उचलाल, त्याच्या बाजूनं लढायचं," मिशीला पीळ देत उत्तरेचा दूत गुरकावला. "दुसरा राजा मग सोनवळची राख करील, ते तुमचं तुम्ही बघा!"

भागूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू काही ढळलं नाही. त्यांनी दोन्ही विडे उचलले. मग उत्तरेचा विडा ठेवला दक्षिणेच्या दूताच्या हातावर, दक्षिणेचा उत्तरेच्या.

"हे काय?" दोन्ही दूत एकदमच म्हणाले.

"निरोपाचे विडे! आमच्याकडे पाहुण्याच्या हातावर विडा ठेवला, की त्यानं उठायचं असतं."

भर दरबारात निरोपाचा विडा नाकारायचा कसा? दोघे विडे चघळत चालते झाले.

उत्तरेचा राजा वाटच पाहत होता. "राणीनं आपला विडा उचलला?"

"उचलला, महाराज."

"मग कुठाय तो?"

"शत्रूच्या पोटात," दूत लालभडक तोंडानं पुटपुटला, "आणि शत्रूचा माझ्या!"