मागच्या सीटवरचं गाठोडं

फटफट्या आणि त्यांचे भाग आपसांत बोलायचे, तेव्हाची गोष्ट. केरबा आणि त्याची बायको हौसा फटफटीवरून दूरदूरचा मुलूख पाहत हिंडत. त्यांच्या गप्पा ऐकत इंजिन सावकाश घाट चढे.

एकदा चढावर एक नवी गाडी हसत पुढे गेली. इंजिनाला ते फार लागलं.

"मला मोठा कार्बुरेटर हवा, मोकळा सायलेन्सर हवा," ते म्हणालं.

"कुठं आग लागलीय रे?" मागची सीट म्हणाली. "आणि हौसाबाईंना विचारलंस?"

इंजिनानं ऐकलं नाही. चढ आला की ते मुद्दाम धापा टाकू लागलं. शेवटी केरबानं मिस्त्रीकडून सगळं बसवून घेतलं.

पुढच्या घाटात इंजिनानं नव्या गाडीला मागे टाकलं. "अहो, ते तळं बघा!" हौसा ओरडली. मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात केरबाला काही ऐकू गेलं नाही. माथ्यावर ती थरथरत उतरली.

"यापुढं तुम्ही एकटेच हिंडा," ती म्हणाली.

तेव्हापासून मागे गाठोडं बांधलेलं असे. इंजिन झपाट्यानं घाट चढे आणि माथ्यावर थांबलं की हळूच विचारी, "सीटबाई, तळं आलं होतं का गं?"

"येऊन गेलं," सीट म्हणे. "गाठोडं थोडंच सांगणार?"