फाटकाचं कच्चं सूत

अहो, थांबा थांबा! त्या दोन खांबांमधून नका जाऊ, बाजूनं या. गिरणी गेली, भिंती गेल्या, पत्रेसुद्धा भंगारात गेले. फाटकाचे हे दगडी खांब तेवढे उरले. आमच्याकडचं वऱ्हाडही त्यांना वळसा घालून जातं. हसू नका, ऐका.

माझ्या आजोबांच्या वेळची गोष्ट, असं सांगतात. संपाचा तिसरा महिना होता. मालकानं बाहेरगावची माणसं आणायचं ठरवलं. तेव्हा गिरणीतलीच धुरपदाबाई पुढं आली. वडाला गुंडाळतात तसं कच्चं सूत तिनं या खांबांना सात वेढे देत आडवं बांधलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हे जो तोडील, त्याच्या नावानं मी आंघोळ करीन. मग तो कुणी का असेना." बाई शब्दाची पक्की. म्हणे, बाहेरची माणसं सूत बघून आल्या पावली परत गेली. साहेबाचा घोडादेखील पाऊल पुढं टाकीना!

आठ दिवस ती फाटकावरच बसून होती. नवव्या दिवशी पहाटे, सगळ्यांचा जरा डोळा लागलेला असताना, तिचाच एकुलता एक लेक, नथू, तिथं आला. त्याचं बिऱ्हाड वेगळं. बायको ओली बाळंतीण, दोन दिवस चूल थंड. आईचा मान जाईल म्हणून त्यानं कुणापुढं तोंड उघडलं नव्हतं. कामावर जायला तो वाकून खालून शिरला, सूत खांद्याला अडकलं अन् तुटलं. पळाला असता तर वाऱ्यानं तुटलं म्हणाले असते लोक. पण त्याचा सारा जन्म गेलेला गिरणीतल्या साच्यावर तुटलेलं सूत सांधण्यात! हात आपोआप वळले. टोकाला टोक जोडतानाच तो सापडला.

धुरपदाबाईनं घागर मागवली आणि सगळ्यांसमोर डोक्यावर ओतून घेतली. नथू नुसतं "आई" म्हणाला. ती बघेना. तो ना गिरणीत गेला, ना घरी. पुन्हा कुणाला दिसला नाही.

संप जिंकला, म्हणतात. मग म्हातारी सुनेला आणायला गेली. सहज पिठाचा डबा उघडला, तर तळ खरवडलेला. झाकण हातात तसंच धरून ती म्हणाली,

"अगं, मला सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलं कधी, आत्याबाई?" सून म्हणाली.

मला विचाराल तर म्हातारी चुकली. अन् नुसती तीच नाही, सगळं गाव चुकलं.

आजही दरवर्षी, धुरपदाबाईनं सूत बांधलं त्या दिवशी, आमच्याकडं खांबांना सूत गुंडाळतात; पण त्याआधी बाया घरोघर फिरतात, चूल पेटली का विचारतात. पेटली म्हटलं तरी ऐकत नाहीत. आत शिरून डब्याचं झाकण उघडून बघतात.