चार दोर आणि एक ‘ए’

“पण मी एकालाच सोड म्हटलं होतं. चौघांनी का सोडलं?”

निनाद कारखानीस हे तिसऱ्यांदा विचारत होता. बसायला पाट दिला होता, तरी उभाच होता.

अंगणात वाळूच्या पोत्यांवर मठाची नवी घंटा आडवी पडली होती. साडेतीनशे किलोची. फुटली नव्हती, एवढंच नशीब. पडली तेव्हा दोरावरच्या चौघांपैकी रावजीचा पाय तिच्यापासून वीतभर लांब होता.

चिमणाबुवा गवार मोडत होते. टेकडीवरच्या या मठाचे ते प्रमुख, पण भाजी निवडायचं काम त्यांनी अजून कुणाला दिलेलं नव्हतं.

“नेमकं काय म्हणालात तुम्ही?”

“‘ए, सोड.’ एवढंच. घंटा कमानीच्या मध्यावर यायला डावीकडचा दोर सैल करायचा होता. मी डावीकडच्याकडे बघूनच म्हणालो.”

“आणि ते कुठे बघत होते?”

“…घंटेकडे.”

बुवांनी आणखी एक शेंग मोडली.

निनाद तिशीचा. कंपनीचा इंजिनीअर, हाताखाली चार माणसं मिळालेलं हे त्याचं पहिलं काम. चौघेही दोरावर आयुष्य काढलेले, त्याच्या वडिलांच्या वयाचे. आता ते चिंचेखाली जाऊन बसले होते. रावजीनं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं होतं, ‘साहेब, आता आमी दोराला हात लावनार न्हाई.’

आणि उद्या पहाटे याच घंटेच्या टोल्यानं उत्सव सुरू व्हायचा होता.

“बुवा, आपण सांगा त्यांना. आपलं ऐकतील. घंटा आज चढली नाही तर माझं काही खरं नाही.”

“तुमचं का नाही ऐकत?”

“रागावलेत. ए म्हटल्याचा राग. आता कामावर काय अहोजाहो करत बसायचं? माणसं डोक्यावर बसतात. साईटवर सगळे असंच बोलतात, बुवा. मनात काही नसतं.”

“मनात काही नसतं,” बुवा म्हणाले. “ते कळतंच त्यांना.”

निनाद काही बोलणार, तेवढ्यात बुवांनी अंगणाकडे तोंड करून जोरात हाक मारली.

“ए!”

स्वयंपाकघरातून आचारी पळीसकट बाहेर आला. चिंचेखालची चारही डोकी वळली. पायरीवरचं कुत्रंसुद्धा उठून शेपूट हलवायला लागलं.

“तुम्ही नाही वळलात,” बुवा म्हणाले.

“मी? मला कोण कशाला ए म्हणेल?”

…

वाक्य तोंडातून गेलं आणि निनादला ते स्वतःलाच ऐकू आलं. त्याचे कान तापले. बुवांनी आचाऱ्याला हातानंच परत जायला सांगितलं आणि पुन्हा गवारीला लागले.

निनाद तरातरा चिंचेकडे गेला. चुकीवर उपाय सापडला की इंजिनीअरला धीर धरवत नाही. समोर उभा राहिला, हात जोडले.

“आपण सर्वांनी कृपया दोर धरावा, अशी माझी नम्र विनंती आहे.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. यमनाप्पानं मागं वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून.

“कुनाला म्हनतायसा?” रावजीनं विचारलं.

चार दिवस ही माणसं त्याच्यासाठी घाम गाळत होती. त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं.

तो मातीत बसला. इस्त्रीच्या पँटसकट.

“नाव काय तुमचं?”

“चार दिस झालं साहेब, आज इचारलासा व्हय. रावजी साळोखे. आन् ह्यो दौलू, ह्यो…”

“नको. त्यांचं त्यांना सांगू द्या.”

दौलूनं सांगितलं. यमनाप्पानं सांगितलं. इस्माईल तांबोळीनं नाव सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की डाव्या बाजूची कप्पी कालपासून अडकतेय, पण साहेबांना सांगायचं कसं म्हणून तो गप्प राहिला होता.

“चुकलो मी,” निनाद म्हणाला. “रावजीकाका, तुमचा पाय आज माझ्यामुळे जायचा होता.”

रावजीनं आपल्या पायाकडे पाहिलं. मग साहेबाच्या पँटकडे.

“उटा,” तो म्हणाला. “उजेड हाय तवर उरकू.”

कप्पीला तेल घातलं. दोर पुन्हा बांधले. दोन दोर घंटा वर ओढायचे, दोन तिला झुलू न द्यायचे.

“इस्माईलचाचा, तुम्ही ओढा. यमनाप्पा, तुम्हीपण. दौलूमामा, तुम्ही डावीकडून ताण ठेवा. रावजीकाका, तुम्ही उजवीकडून.”

घंटा पोत्यांवरून उठली. गुडघाभर… कंबरभर… डोक्याच्या वर. निनाद एकेकाकडे वळत होता, आणि तो वळायच्या आतच समोरचा त्याच्याकडे बघत असायचा. चार दिवसांत काम असं चाललं नव्हतं. त्याला हसू फुटत होतं. असं काम उभ्या जन्मात थांबू नये, असं त्याला वाटलं.

घंटा कमानीपर्यंत पोचली. आता तेच, मघाचंच. डावीकडचा दोर हातभर सैल करायचा, म्हणजे ती मध्यावर येईल.

तेवढ्यात चिमणाबुवा गवारीनं भरलेलं सूप घेऊन आले आणि घंटेच्या बरोबर खाली मांडी घालून बसले.

“बुवा! उठा तिथून!”

“सावली बरी आहे इथं. तुम्ही तुमचं काम करा.”

“बुवा, पाया पडतो, बाजूला…”

बुवांनी एक शेंग उचलली, मान वर केली आणि मघासारखेच मोठ्यानं ओरडले.

“ए, सोड!”

निनादनं डोळे मिटले.

…

काहीच झालं नाही.

त्यानं डोळे उघडले. घंटा जागच्या जागी होती. चारही दोर ताठ. यमनाप्पाच्या हाताच्या शिरा टरारल्या होत्या. चौघांतलं कुणीच बुवांकडे पाहत नव्हतं. चौघेही निनादकडे पाहत होते.

तो दौलूकडे वळला.

“दौलूमामा… तुम्ही… हातभर सोडा.”

दौलूचाच दोर हातभर सरकला. घंटा हळूच मध्यावर आली. रावजी आपला दोर बांधून शिडीवर चढला आणि आकडा अडकवून मोठ्यानं म्हणाला, “बसला!”

आचारी पळी घेऊनच धावत आला. इस्माईलनं दोर सोडून कपाळाचा घाम पुसला. निनाद हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही लपवायचं त्याला सुचत नव्हतं. तो तसाच बुवांपुढे येऊन बसला.

“बुवा, त्यांनी सोडलं असतं तर?”

चिमणाबुवांनी देठं झटकली, सूप उचललं.

“कुणी? इथं ‘ए’ आता उरलंय कोण?”